स्टेरिंग थरथरतंय? आधी रस्त्याला शिव्या घाला

नवे मॅगव्हील, म्हणजे लोखंडाऐवजी अलॉयची चकचकीत चाकं, बसवले ना, मग पहिलं काम म्हणजे जुनी लोखंडी चाकं त्याच दिवशी, त्याच दुकानात, मिळेल त्या भावात देऊन टाका. घरी आणायचीच नाहीत. गच्चीवर पडून राहिली तर उद्या स्टेरिंग थरथरायला लागल्यावर कोणीतरी शहाणा म्हणणार की भो, अर्धा तास काढ आणि जुनी चाकं लावून बघ, थरथर गेली तर दोष नव्या चाकात, नाही गेली तर गाडीत. एवढ्या फुकटात निकाल लागला तर पुढचे चार महिने तुम्ही करणार काय? मी माझी देऊन टाकली. ती आता यावलकडच्या एका पाव्हण्याच्या फवारणीच्या टाकीच्या गाड्याला लागलीयेत आणि तो गाडा अजिबात थरथरत नाही.

माझी जुनी डिझायर, टायर १६५/८०, १४ इंची. शालकाचं लग्न निघालं, वरातीला गाडी आपलीच, म्हणून १६ इंची मॅग घेतले, त्यावर १९५/५५ चे टायर. हिशोब चोख होता हं, दोन्ही टायरची उंची ६२० मिलिमीटरच्या आसपासच येते, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. दुकानातनं गाडी बाहेर काढली तर अमळनेरचा मित्र म्हणे, "हाई गाडी आते नवरदेव दिखस भो." दिसतच होती. नवरदेव घोड्यावर बसल्यावर कापतो तशी ती ऐंशीच्या पुढे कापायला लागली, हे नंतरचं.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो आणि मग पैशाचं बोलतो. मॅगव्हील घेताना असला मागासपणा करू नका. रंग बघा, फोटो काढा, बायकोला पाठवा, तिचा रिप्लाय यायच्या आत पैसे देऊन टाका. चाकाच्या मधोमध जे भोक असतं त्याच्याकडे तर बघायचंच नाही, तिथं टोपी बसते, टोपीवर लोगो असतो, विषय संपला. दुकानदार सांगतोच की, बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं. चार बोल्ट, १०० ची पीसीडी, म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास १०० मिलिमीटर, बसतात की बरोबर.

आता गाडी चालवायची कुठं, तर गावातच. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वर जाता येत नाही आणि गेलात तरी हलतंय ते चाकामुळं का खड्ड्यामुळं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, त्यामुळं सगळे सुखी. भुसावळच्या पुढं मुक्ताईनगरकडं चौपदरी झालाय तिकडं चुकूनही नेऊ नका, चांगला रस्ता फार चुगलखोर असतो. मी नेली. ८० पर्यंत काही नाही, ८५ ला बोटांना मुंग्या, ९५ ला स्टेरिंगवरचा हात बघून बायको म्हणाली तुम्हाला शुगर तपासायला पाहिजे, आणि ११० च्या पुढं परत जरा शांत. बघा, काही लोकांना हे ऐकूनच कळतं की ठरावीक स्पीडला येऊन पुढं कमी होणारी थरथर बहुतेक वेळा चाकाचीच असते, ब्रेक दाबल्यावरच आली तर ब्रेकच्या डिस्कवर संशय घ्यायचा, स्टेरिंग हललं तर पुढची चाकं बघायची आणि बुडाखालची सीट हलली तर मागची. असल्या लोकांपासून लांब राहा, ते तुमचा खर्च वाचवतील.

तुम्ही आपला रस्त्यालाच दोष द्या. धुळ्याकडं जाताना फागणे ते तरसोदचं काम इतकी वर्षं चाललं की आपल्या पिढीला गाडीतल्या कुठल्याही आवाजाचं कारण तयारच मिळालेलं आहे. रस्ता संपला की मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. अलाइनमेंट हा फार समाधान देणारा प्रकार आहे, चाकांना आरसे लावतात, स्क्रीनवर लाल आकडे हिरवे होतात, हातात प्रिंट देतात. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका अंगानं खातं, पण ९० ला स्टेरिंग थरथरवणं हे काही तिचं खातं नाही. तरी करा. मी तीनदा केली. तिन्ही प्रिंट डॅशबोर्डच्या खणात ठेवल्यात, इन्शुरन्सच्या कागदांच्या वर.

बॅलन्सिंग मात्र मनापासून करा आणि वेगवेगळ्या दुकानांत करा. कारण प्रश्न खरंच वजनाचा आहे. या टायरचा घेर दोन मीटरला थोडा कमी, म्हणजे ताशी ९० ला चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. रिमच्या काठावर एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असले, म्हणजे मूठभर शेंगदाणे म्हणा, तर त्या वेगाला ते शेंगदाणे साधारण चार किलोच्या जोरानं चाकाला बाहेर ओढतात, सेकंदाला १३ वेळा. मग मशीन येतं. मशीनच्या शाफ्टवर चाक चढवतात, मधल्या भोकात एक शंकू घालतात, वरून मोठा नट आवळतात. शंकूचं काम एकच, भोक केवढं का असेना, चाकाला बरोबर मध्यावर आणायचं. चाक फिरतं, आकडे येतात, पोरगा आतल्या बाजूनं चिकटपट्टीची वजनं लावतो, परत फिरवतो, दोन्हीकडे शून्य. तुम्ही शून्याचा फोटो काढा. हायवेवर गेल्यावर थरथर तशीच असली की परत या आणि फोटो दाखवून भांडा. पोरगा परत चाक चढवेल, परत शून्य येईल, आणि तो तुमच्याकडं असा बघेल की जणू तुम्हालाच बॅलन्सिंगची गरज आहे.

मशीन खोटं बोलत नाही हो. मशीनवर शंकू आहे आणि तुमच्या गाडीवर नाही, एवढीच किरकोळ बाब. गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाला, मधोमध एक गोल उंचवटा असतो, माझ्या गाडीचा ५४.१ मिलिमीटरचा. कंपनीच्या चाकाचं भोक त्यावर टोपणासारखं घट्ट बसतं. माझ्या मॅगचं भोक निघालं ६७.१. मॅग बनवणारे भोक मोठं ठेवतात कारण एकच चाक दहा जातीच्या गाड्यांना खपवायचं असतं, त्यात पाप काही नाही, पण मग मधली १३ मिलिमीटरची तफावत भरायला एक रिंग लागते, हब रिंग, प्लास्टिकची नाहीतर अल्युमिनियमची, बांगडीएवढी चीज. ती नसली की चाकाचा मध्य कुठं हे ते चार नट ठरवणार. नट निमुळत्या बुडाचे असले आणि कोणी नीट आवळले तर तेही चाक मध्यावर आणतात. कोणी नीट आवळले तर.

म्हणून आवळायची पद्धतही सांगून ठेवतो. गाडी जॅकवर असताना सगळे नट हातानं समोरासमोर थोडे थोडे बसवणं, मग खाली उतरवून टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळणं, हा वेळेचा अपव्यय आहे. आधी जॅक उतरवा, गाडीचं सगळं ओझं चाकावर येऊ द्या, मग हवेच्या गननं एकच नट खाडकन् शेवटपर्यंत, मग त्याच्या शेजारचा. चाक टायरसकट १५-१६ किलोचं, ते अर्धा मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढं, बाजूला बसलं तरी काठावर ४० ग्रॅम चिकटवल्यासारखं होतं आणि हे ४० ग्रॅम जगातल्या कुठल्याच बॅलन्सिंग मशीनला दिसत नाहीत. नटांची जातही बघू नका. होंडाच्या मूळ नटांचं बूड गोल असतं, बाहेरच्या मॅगला बहुतेक निमुळतं लागतं, दोन्ही फिरतात, दोन्ही चमकतात, झालं. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासायची भानगड तर अजिबात नको, फार तर काय होईल, चाक तुमच्या आधी फागण्याला पोचेल.

एवढं करून थरथर राहिली तर मिस्तरीकडं जा. मिस्तरीला मॅग कधी बसवले हे सांगू नका, त्यानं विचारलं तरी विषय बदला. मग तो लोअर आर्म बदलेल, लिंक रॉड बदलेल, टाय रॉड एंड, दोन बेअरिंग. माझ्या गाडीत चाकाच्या आसपास आता जुनं म्हणावं असं काही उरलेलं नाही, आणि दर वेळेला बदल केल्यावर दोन दिवस खरंच फरक वाटतो, पैसे दिल्यावर वाटतोच.

खान्देशातल्या माणसाला एक जादाची सोय आहे ती म्हणजे काळी माती. पावसाळ्यात रावेरकडं केळीच्या बागेत बांधापर्यंत गाडी घाला, रिमच्या आत चिखल भरतो, रात्री गाडी उभी राहिली की तो खाली उतरून एकाच जागी वाळतो, सकाळी ऐंशीला स्टेरिंग असं नाचतं की मॅगची थरथर त्यापुढं आरती वाटावी. ही थरथर पाण्याचा पाइप मारल्यावर जाते. म्हणूनच ती फार उपयोगाची, एकदा ती गेली की माणूस आठवडाभर मूळ दुखणंही गेलं असं सगळ्यांना सांगत फिरतो.

माझं चुकलं कुठं, तर चार चाकं विकली आणि पाचवं विकायचं राहिलं. एरंडोलच्या अलीकडं पुढचं डावं पंक्चर झालं. उन्हात डांबर बुटाला चिकटत होतं, डिकीतनं जुनी लोखंडी स्टेपनी काढली, लावली, निघालो. आणि थरथर निम्म्यानं कमी. निम्म्यानं! यावर शहाण्या माणसानं जे करायला पाहिजे तेच मी केलं, बायकोला म्हणालो, बघ, रस्ता सुधारला. येताना त्याच रस्त्यानं आलो तरी हेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्या पोरानं स्टेपनी उतरवून मॅग परत चढवला. नट अजून लावलेले नव्हते, चाक नुसतं बोल्टांवर टांगलेलं. त्यानं ते एका हातानं वर उचललं आणि सोडलं. टक्. परत उचललं, परत टक्. मग त्यानं करंगळी मधल्या भोकात घातली आणि हबच्या भोवती सगळीकडून फिरवून काढली, काळ्या ग्रीसची, मला दाखवली.

"दादा, याम्हा रिंग नही शे का?"

मी म्हणालो, कसली रिंग?

रिंगा आल्या. चारही मिळून शेवभाजी-भाकरीच्या दोन ताटांच्या भावात. पोरानं हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासला, रिंग दाबून बसवली, चाक चढवलं, या वेळी टक् नाही, नुसतं खसकन् जाऊन बसलं. मध्येच त्याला फोन आला, तो बोलत बोलत काम करत राहिला, मीही चहा पीत उभा होतो. संध्याकाळी चौपदरीला नेली. ९५. स्टेरिंगवर दोन बोटं ठेवली, पाण्यावर तेल असावं तसं शांत. बायको म्हणाली शुगर उतरलेली दिसते.

फक्त बुडाखाली सीट जरा गुणगुणतेय, उजवीकडनं. टोलची पावती टाकायला खण उघडला तर अलाइनमेंटच्या तिन्ही प्रिंटांवर एक काळी प्लास्टिकची रिंग पडलेली, कोरी करकरीत. कुठल्या पार्टची आहे काय माहीत. उद्या एकदा अलाइनमेंट करून घेतो.