बंद घर, मे महिना आणि दोन हजारांचा सेन्सर

शाळांच्या परीक्षा संपून लोकांची गावी जाण्याची तयारी सुरू झाली की नागपुरातील ले-आउट आणि फ्लॅट स्कीममधल्या रहिवाशांच्या मोबाईलवर दरवर्षी एकाच आशयाचा संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: घरफोडीच्या अलार्मवर वीस-पंचवीस हजार घालवू नका, एक वायफाय कॅमेरा लावा, हॉलमध्ये दोन हजारांचा वायरलेस मोशन सेन्सर टेपने चिकटवा आणि त्याच्या यंत्रात एक सिम टाका. लाईट गेली तरी आत बॅटरी असते; चोर शिरला की सायरन वाजतो, पोलिसांना आपोआप फोन जातो, आणि घरात अलार्म असल्यामुळे विमा कंपनीला नुकसान भरून द्यावेच लागते. शेवटी एक जास्तीचा सल्लाही असतो, की अधिक खात्री हवी असेल तर रात्री खिडकीच्या ग्रीलमध्ये हलका करंट सोडावा.

मी स्वतः अशा यंत्रणा बसवण्याचे काम करतो, त्यामुळे या संदेशाला विरोध करण्यात माझा स्वार्थ आहे असे कोणी म्हटल्यास ते अगदीच खोटे ठरणार नाही. म्हणून मी कसोटी संदेशातूनच घेतो. हा संदेश उन्हाळ्यात फिरतो आणि पंधरा दिवस कुलूपबंद राहणाऱ्या घरासाठी लिहिलेला असतो. तेव्हा त्यातील प्रत्येक विधान नागपुरातल्या मे महिन्यातील बंद घराला लावून पाहावे, एवढेच मी करणार आहे.

कॅमेऱ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांना पटलेला असतो. कॅमेरा दाखवतो आणि नोंद ठेवतो; अडवण्याचे किंवा आरडाओरडा करण्याचे काम त्याचे नव्हे. मोबाईलवर सूचना येते हे खरे, पण ती रात्री अडीच वाजता येते, आपण झोपलेले असतो आणि रस्त्यावरून गेलेल्या कुत्र्यामुळे आलेल्या आधीच्या चाळीस सूचनांना कंटाळून आपण मोबाईलचा आवाज केव्हाच बंद केलेला असतो. सकाळी हाती लागते ते तोंडाला रुमाल बांधलेल्या दोघांचे चित्रीकरण. चित्रण घरातल्याच रेकॉर्डरमध्ये साठत असेल आणि तो टीव्हीखालच्या कपाटात उघडा ठेवला असेल, तर चोर तोही उचलून नेतात. तपासासाठी कॅमेरा उपयोगी आहे आणि तो असावाच, पण त्याला अलार्मचा पर्याय म्हणणे चूक आहे.

आता सेन्सर. येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण संदेशातील सर्वांत मोठी चूक येथे आहे आणि ती नागपूरकरांना इतर कोणापेक्षाही अधिक भोवते. बाजारात मोशन सेन्सर म्हणून मिळणारी स्वस्त वस्तू बहुधा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) जातीची असते. ती स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. शरीरातून निघणारी उष्णतेची अवरक्त किरणे तेवढी टिपते. पुढच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या भिंगामुळे खोलीचे अनेक पट्टे पडतात आणि भोवतालपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली की सेन्सरला फरक जाणवतो. म्हणजे त्याला माणूस दिसत नाही, माणूस आणि भिंत यांच्या तापमानातील अंतर दिसते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण 32 ते 34 अंश असते. डिसेंबरात भिंत 20 अंशांवर असताना हे अंतर ठळक असते. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो, पंखा बंद, खिडक्या बंद, आणि बंद खोलीचे तापमान नेमके शरीराच्या आसपास येऊन ठेपते. अशा वेळी स्वस्त सेन्सरचा पल्ला झपाट्याने घटतो. गंमत अशी की सेन्सर सर्वांत आंधळा असतो तो भर दुपारी नव्हे. खोली शरीराहून बरीच अधिक तापली तर माणूस भोवतालपेक्षा थंड वस्तू म्हणून पुन्हा वेगळा उमटतो. खरी अडचण 33 ते 36 अंशांच्या पट्ट्यात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बंद खोलीत रात्री येते.

23 मे 2013 रोजी 47.9 अंश अनुभवलेल्या शहरात हे कोणाला सांगावे लागू नये. आणि केवळ दोन हजारांची वस्तूच फसते असेही नाही. 30 मे 2024 रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांची नोंद दाखवली, देशभर बातमी झाली आणि नंतर हवामान विभागाच्या तपासणीत ती सेन्सरच्या बिघाडाची करामत निघाली.

यावर उपाय आहेत. तापमानानुसार स्वतःची संवेदनशीलता वाढवणारे पीआयआर मिळतात. त्याहून बरा पर्याय म्हणजे पीआयआर आणि मायक्रोवेव्ह असे दोन्ही प्रकार एकत्र असलेला सेन्सर. मायक्रोवेव्हचा भाग हालचालीने बदलणारी लहर ओळखतो, त्याला खोलीच्या उष्णतेचे सोयरसुतक नसते. मात्र अशा सेन्सरमध्ये सहसा दोन्ही भागांनी होकार दिल्यावरच अलार्म वाजतो, त्यामुळे चुकीचे इशारे कमी होतात, पण पीआयआरचा भाग उन्हाळ्यात दुबळा असेल तर ते दुबळेपण उरतेच. म्हणून सेन्सर साधा असो वा दुहेरी, त्याच्या पीआयआरमध्ये तापमानाची भरपाई, म्हणजे गरमीत संवेदनशीलता आपोआप वाढण्याची सोय, आहे का, हा एक प्रश्न दुकानदाराला विचारावाच.

जागेची निवड ही याच मुद्द्याची दुसरी बाजू आहे. सेन्सर जमिनीपासून सुमारे सव्वादोन मीटर उंचीवर, कोपऱ्यात आणि असा बसवावा की शिरणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल. सरळ त्याच्याकडे चालत येणारा माणूस पट्टे हळूहळू ओलांडतो आणि उशिरा टिपला जातो. समोर पश्चिमेची उन्हाची खिडकी, हलणारा पडदा किंवा कूलर नसावा. टेपविषयी तर बोलायलाच नको: तापलेल्या डिस्टेंपरवरून दुतर्फी टेप मे महिन्यात सुटते, सेन्सर सोफ्यामागे पडतो आणि पुढचे दहा दिवस प्रामाणिकपणे फरशीवर लक्ष ठेवतो. दोन स्क्रू आणि दोन गिट्ट्यांचा खर्च वाचवून कोणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही. पावसाळ्यात पाल किंवा कोळी भिंगावर येऊन बसला तरी सायरन वाजतो. बसवताना मागची भोके आणि वायरीची फट सिलिकॉनने बुजवली तर ही कटकट पुष्कळ कमी होते.

एकच सेन्सर हॉलमध्ये ठेवण्याने अख्खे घर सुरक्षित होते, या विधानात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे चोर हॉलमधूनच येणार. कडीकोयंडा तोडून येणारे अर्थातच पुष्कळ असतात. पण नागपुरातील घराची खरी उघडी बाजू कूलरची खिडकी ही आहे. कूलर बसवण्यासाठी आपण खिडकीचे ग्रील स्वतःच्या हाताने कापून घेतो, बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर टेकवतो आणि ते भोक कूलरने झाकले गेले म्हणून त्याला विसरून जातो. रिकामा कूलर दोन माणसे आवाज न करता बाजूला सरकवू शकतात आणि त्या खिडकीतून माणूस सरळ बेडरूममध्ये, म्हणजे कपाटासमोर उतरतो. हॉलमधल्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या खिडकीला आतून कुलूपबंद होणारी जाळी लावणे हा पहिला उपाय. कूलर आणि चौकट यांच्यामध्ये चुंबकी संपर्क बसवून कूलर हलताच सायरन वाजेल अशी सोय करणे हा दुसरा.

चुंबकी संपर्काविषयी येथेच सांगतो. दाराच्या पल्ल्यावर चुंबक आणि चौकटीवर त्याने बंद राहणारी बारीक कळ, एवढेच ते असते, आणि घराबाहेरचा माणूस आत पाऊल टाकण्याआधी कळवण्याचे काम ते सेन्सरपेक्षा चांगले करते. पण पावसाळ्यात फुगलेल्या सागवानी दारावर बेतून बसवलेला संपर्क कोरड्या उन्हाळ्यात दार आकसल्यावर अंतराबाहेर जाऊ शकतो. लोखंडी दारावर साधा संपर्क चालत नाही, कारण लोखंड चुंबकाची ओढ खाते. तेथे जाड, लोखंडासाठीच बनवलेला संपर्क लागतो. सैल हलणाऱ्या चॅनल गेटवर तर तो नसलेलाच बरा, नाहीतर प्रत्येक वादळवाऱ्याला लांडगा आला रे आला होते आणि तिसऱ्या वेळी शेजारी उठत नाहीत.

लाईट गेली तरी बॅटरी असते, हे वाक्य खरे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. गावाला निघताना आपण काय करतो? गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, नळ तपासतो आणि मेन स्विच खाली करतो. त्याच क्षणी राउटर बंद पडतो, त्याबरोबर कॅमेरा आणि मोबाईलवरील सूचना संपतात, आणि अलार्म आपल्या बॅटरीवर जातो. अनेक पॅनलमध्ये, म्हणजे अलार्मच्या मुख्य यंत्रात, 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनल, सिमचे यंत्र आणि वायरने जोडलेले सेन्सर मिळून 200 मिलिअँपिअर घेत असतील तर कागदावर 35 तास होतात. जुन्या बॅटरीत ते आणखी कमी. पंधरा दिवसांच्या सहलीत अलार्म दुसऱ्या दिवशीच गप्प होतो. शिवाय या जातीच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने वेगाने घटते. सतत 10 अंश अधिक तापणाऱ्या जागी ते जवळपास निम्मे होते, म्हणून पॅनल पश्चिमेच्या भिंतीवर किंवा माळ्यावर ठेवणे वेडेपणाचे आहे. इलेक्ट्रिशियनकडून पॅनल आणि राउटर यांच्यासाठी वेगळा एमसीबी काढून घ्यावा आणि जाताना बाकीचे सर्व बंद करून तेवढा चालू ठेवावा. स्वस्त वायरलेस सेन्सरच्या आतला सेल संपला तर पॅनलला ते कळतही नाही. चांगल्या यंत्रणेत प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळाने हजेरी देतो आणि हजेरी चुकली की पॅनल तक्रार करते.

सिमच्या बाबतीत दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी सर्वाधिक नडतात. प्रीपेड सिमची मुदत संपलेली असते, कारण ते सिम कोणी वापरत नाही. आणि स्वस्त यंत्र फक्त 2जीवर चालणारे असते, तर त्यात घातलेले सिम जिओचे, ज्याचे जाळे पहिल्यापासून 4जी आहे. दोन्ही वेळा यंत्रावरचा दिवा मात्र सुखाने लुकलुकत असतो.

आणि फोन लागलाच तर तो कोणाला लागतो? घरगुती अलार्म पोलीस नियंत्रण कक्षाला आपोआप जोडलेला नसतो. यंत्र आपण भरलेल्या नंबरांवर फोन करते किंवा संदेश पाठवते, एवढेच. त्यात 112 भरून ठेवणे हा तर पोलिसांवर अन्याय आहे, कारण पालीने वाजवलेल्या अलार्मसाठी गाडी निघते आणि ज्याला खरी गरज आहे तो ताटकळतो. 112 वर माणसाने बोलावे, पत्ता सांगावा, काय दिसले ते सांगावे. त्यातही आपण बेंगळुरूला मुलाकडे असू तर तेथून लावलेला 112 कर्नाटकात लागतो. म्हणून यंत्रातील पहिला नंबर शेजाऱ्यांचा असावा आणि आपल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर आपल्याजवळ व शेजाऱ्यांजवळही असावा.

शेजारी मात्र सायरन ऐकू शकले पाहिजेत. एक मीटरवर 110 डेसिबलचा सायरन 16 मीटरवर मोकळ्या हवेत सुमारे 86 वर येतो, कारण अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात. तो हॉलमध्ये ठेवला तर आपल्या बंद भिंती आणि शेजाऱ्यांच्या बंद खिडक्या उरलेले बरेच काही खातात, आणि पलीकडे काका-काकू उशाशी घोंघावणारा कूलर लावून झोपलेले असतात. त्यांना काहीही ऐकू येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सायरन बाहेर, हात न पोहोचेल एवढ्या उंचीवर, स्वतःची बॅटरी असलेला आणि वायर कापली तरी वाजणारा हवा. तो काही मिनिटांनी आपोआप थांबावा हेही तितकेच आवश्यक आहे.

विम्याचे विधान निखालस चुकीचे आहे. 1 एप्रिल 2021 पासून लागू असलेली भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटांसाठी आहे; तिच्या मूळ संरक्षणात चोरी येते ती अशा संकटामुळे आणि त्यानंतरच्या 7 दिवसांत झाली तरच. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि दावा ठरतो तो पॉलिसीच्या शब्दांवर, एफआयआरवर आणि जबरीने प्रवेश केल्याच्या खुणांवर. अलार्म असल्याने कोणतीही रक्कम आपोआप मिळत नाही.

ग्रीलमधील करंटविषयी मी वाद घालणार नाही. शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने माणसे आणि वाघ मेल्याच्या बातम्या विदर्भात आपण वाचतच आलो आहोत. मीटर वाचणारा, दूधवाला, चेंडू काढायला आलेला शेजारचा मुलगा यांना हलका करंट आणि भारी करंट यांतला फरक सांगायला कोणी उरत नाही, आणि त्यानंतर तुरुंगात जातो तो घरमालक.

संदेशातील एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: पुष्कळांना गरजेपेक्षा जास्त यंत्रे विकली जातात. ज्या घराच्या मागच्या दाराला साधी कडी आणि पत्र्याचा कोयंडा आहे, त्या घरात आठ झोनचे, म्हणजे आठ ठिकाणांवर वेगवेगळी नजर ठेवणारे, पॅनल बसवून देणारा माझा व्यवसायबंधू असेल तर तो चुकतो. पहिले पैसे चांगल्या कुलपात, चौकटीत खोल गेलेल्या लांब स्क्रूंत आणि कूलरच्या खिडकीच्या जाळीत जावेत. त्यानंतर दोन दारांचे संपर्क, कपाटाच्या वाटेवर एक दुहेरी सेन्सर, बाहेरचा सायरन आणि चालू सिम एवढ्यात मध्यम घराचे भागते. निघण्याच्या आदल्या रात्री पंखे आणि कूलर दोन तास बंद ठेवून, तापलेल्या खोलीत, अलार्म लावून घरातल्या एकाने कपाटापर्यंत चालत जावे आणि दुसऱ्याने शेजाऱ्यांच्या खोलीत त्यांचा कूलर चालू असताना उभे राहून आवाज येतो का ते ऐकावे.