‘घरोघरी फिरायचे दिवस गेले’ या प्रतिक्रियेला उत्तर

रावेरकर भाऊ,

प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण वाचून बरं वाटलं. नुसतं ‘छान लेख’ म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा असं कोणीतरी भांडायला हवं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या टॅबवरच्या सर्वेक्षणांबद्दल मी मागे लिहिलं होतं की टॅब आला म्हणून दारात जाण्याचं काम कमी होत नाही. त्यावर तुम्ही म्हणता: एक, मला कागदाचा लळा आहे, टॅबने बनावट फॉर्म बंद केले हे मला दिसत नाही. दोन, तुम्ही केळी उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर गूगल फॉर्म टाकलात, दोन दिवसांत हजारावर उत्तरं आली, पेट्रोल शून्य. तीन, आता एआय माणसासारखी उत्तरं देतो, मग विचारायला जायचंच कशाला?

पहिल्या मुद्द्यावर भांडण नाही. घरोघरी न जाता लिंबाच्या झाडाखाली बसून भरलेले फॉर्म मी सुपरवायझर म्हणून हातात घेतलेत. एका दमात लिहिलेलं अक्षर, प्रत्येक घरात पाच माणसं, प्रत्येकाकडे दोन एकर, आणि गावात कोणीच आजारी नाही. हे गठ्ठे डेटा एन्ट्रीला पुण्याला जायचे. चूक सापडेपर्यंत फॉर्म भरणारा पोरगा दुसऱ्या एजन्सीत लागलेला असायचा. आता मुलाखत कुठे झाली, किती वाजता सुरू झाली, कोणत्या प्रश्नाला किती सेकंद लागले, हे रात्री सिंक झालं की ऑफिसात दिसतं. ‘उत्तर नाही असेल तर प्रश्न 27 वर जा’ यातल्या चुकाही गेल्या, कारण पुढचा प्रश्न टॅबच ठरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2015-16 च्या फेरीत टॅबसारख्या यंत्रांवर गेलं, ते योग्यच झालं. कागद परत आणा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

पण टॅबने चोरी बंद केली नाही, तिची जागा बदलली. फील्डवर गेलेल्या कोणालाही विचारा. ‘गेल्या महिन्यात घरात कोणी आजारी होतं का?’ याला ‘हो’ दाबलं की डझनभर प्रश्न उघडतात: कोण, कुठला दवाखाना, जायला किती खर्च, औषधाला किती, पैसे कुठून आणले. ‘नाही’ दाबलं की संपलं. पोराला पैसे फॉर्ममागे मिळतात. दोन दिवसांत हे गणित त्याला कळतं, आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ते समोरच्या बाईलाही कळतं. मग तीही म्हणते, “नही भो, कोनीच नही.” इथे जीपीएस बरोबर, वेळ बरोबर, रेकॉर्डिंगमध्ये आवाज खराखुरा. खोटं कोणी बोललं असंही ठामपणे म्हणता येत नाही. फक्त त्या गावाचं आजारपण कमी मोजलं गेलं. फार लवकर संपलेल्या मुलाखतीवर लाल खूण येते हे कळल्यावर शेवटची स्क्रीन उघडी ठेवून चहा घेणारेही मी पाहिलेत.

रेकॉर्डिंगचं तर विचारूच नका. टॅबवरचा प्रश्न पुस्तकी मराठीत असतो. साक्री-शिंदखेड्याकडे तो चांगला प्रगणक अहिराणीत विचारतो, धडगावकडे पावरी बोलीत विचारायला स्थानिक पोरगी सोबत घेतो. ऑफिसात हेडफोन लावून बसलेल्याला यातलं काही कळत नाही. त्याच्या लेखी ‘प्रश्न लिहिल्याप्रमाणे वाचला नाही’ ही चूक. जो प्रश्न खडाखड वाचून समोरच्याच्या डोक्यावरून घालवतो, त्याला पूर्ण गुण! नकाशाचंही तेच. सातपुड्यात गावठाण एकीकडे आणि पाडे डोंगराच्या कुशीत विखुरलेले. ऑफिसने गावठाणाभोवती गोल आखलेला असला, की जो तीन ओढे ओलांडून शेवटच्या पाड्यावर गेला तोच ‘गावाबाहेर’ ठरतो. यंत्राचा यात दोष नाही. गोल कोणी आखला, त्याने अक्राणी, म्हणजे धडगाव तालुका पाहिलाय का, हे विचारायला हवं.

आता तुमचा गूगल फॉर्म. हजार उत्तरं आली याचं मला कौतुक आहे, पण लिंक गेली कोणाकडे? ज्याच्या नावावर केळी आहे, ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे आणि जो ग्रुपमध्ये आहे त्याच्याकडे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्याचं साल ठरतं तो सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, त्यात नाही, बटाईने करणारा बहुधा नाही, घड वाहणारे मजूर तर नाहीतच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका 33 टक्के होत्या, पुरुष 57 टक्के. तेव्हापासून आकडे वाढलेत, मान्य. तरी तुमच्या हजारात बायकांची उत्तरं किती, ते एकदा मोजाच. आणि संख्या वाढवून ही तूट भरत नाही, भाऊ. त्याच ग्रुपांतून लाख उत्तरं आली तरी ती त्याच ग्रुपांचीच राहतील.

शिवाय फॉर्म भरला कोणी हा प्रश्न राहतोच. ई-पीक पाहणी राज्यभर 15 ऑगस्ट 2021 पासून सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पीक नोंदवायचं ही कल्पना मला पटते, तलाठ्याने टेबलावर नोंदवण्यापेक्षा हे बरं. पण आपल्याकडे ते अ‍ॅप म्हाताऱ्याच्या वतीने कोणाचा पोरगा भरतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. पीक नोंदवताना त्याने फार बिघडत नाही, कापूस तो कापूसच. कर्ज, दारू, घरातलं भांडण, यांबद्दल विचारताना मात्र फोन कोणाच्या हातात आहे यावर उत्तर बदलतं. म्हणून कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात, आणि एकांत मिळाला नाही तर विचारतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर हा एकांत तुम्ही कसा तपासणार?

मला सर्वांत बोलकं उदाहरण वाटतं ते सरकारच्याच घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणाचं. ऑगस्ट 2022 ते जुलै 2023 या काळात 2,61,746 कुटुंबांकडून टॅबवर माहिती घेतली. यंत्र आलं म्हणून फेऱ्या कमी केल्या का? उलट, आधी एका भेटीत उरकली जाणारी लांबलचक प्रश्नावली तीन भागांत तोडली आणि त्याच घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत जायचं ठरवलं, कारण माणूस थकला की अंदाजपंचे बोलतो. 2027 च्या जनगणनेतही स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय आहे, पण प्रगणक दारात यायचाच आहे.

एका ठिकाणी मात्र तुमची बाजू तुम्हीच अर्धी मांडलीत, ती मी पुरी करतो. दिवाळीनंतर नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परततात. त्या दिवसांत गावात गेलेला प्रगणक टॅबवर ‘घर बंद’ दाबतो आणि बदली घर घेतो. म्हणजे सर्वांत हलाखीतली माणसं सर्वेक्षणातून गळतात. इथे फोन खरोखर कामाचा. पहिली भेट दारात, ओळख आणि नंबर तिथेच, नंतरच्या भेटी फोनवर, माणूस कुठल्याही फडावर असो. रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या श्रमबलाच्या सरकारी सर्वेक्षणात कोविडच्या काळात शहरी पुनर्भेटी अशाच फोनवर झाल्या. पण पहिल्या भेटीशिवाय अनोळखी नंबरला आजकाल उचलतो कोण? कर्ज विकणाऱ्यांनी ती वाट आधीच बंद करून ठेवलीय.

एआयबद्दल थोडक्यात. माणसाने आपल्या शब्दांत दिलेलं मोकळं उत्तर टाइप करणं, उत्तरांची वर्गवारी, विसंगती शोधणं, यात त्याने खूप वेळ वाचतो, मीही वापरतो. माणसाऐवजी त्यालाच विचारायचं म्हटलं तर तो शिकलाय लिहिलेल्या मजकुरातून. धडगावच्या पाड्यावरच्या बाईने इंटरनेटवर काय लिहून ठेवलंय की तिच्या वतीने तो बोलेल? तुमच्या-माझ्यासारख्यांची नक्कल तो चांगली करेल. आपली मतं तशीही सगळ्यांना पाठ आहेत.

तुमचा फॉर्म फेकून देऊ नका. त्यात तीन प्रश्न घाला: फॉर्म कोण भरतंय, जमीन कोणाच्या नावावर आहे, कसतं कोण. मग रावेर-यावलमधली चार-पाच गावं चिठ्ठी टाकून काढा, तिथे घरयादी करून ठरावीक अंतराने घरं निवडा आणि तेच प्रश्न दारात जाऊन विचारा, सालदाराच्या दारातही. टॅब नसला तर तुमच्या मोबाइलवर कोबोटूलबॉक्स हे सर्वेक्षणाचं साधन चालेल, रेंज नसतानाही. दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवून मला पाठवा. फरक निघाला नाही तर ते इथेच, तुमच्या नावाने छापतो.