पेशी एवढीशी, तरी रायबोसोम का थांबतो? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: ई. कोलाय हा जिवाणू जेमतेम दोन मायक्रोमीटर लांब, रेणू त्यात क्षणार्धात कुठेही पोचतो. मग रेणूंच्या गर्दीने प्रथिननिर्मिती, म्हणजे रायबोसोम या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्राचं काम, अडते, हा माझा दावा कसा पटावा? शिवाय गर्दीत रेणू एकमेकांना घट्ट धरतात, म्हणजे फायदाच.

क्षणार्धात पोचतो, हे खरं. पेशीद्रवात मिलिलिटरमागे ३०० ते ४०० मिलिग्रॅम प्रथिनं आणि आरएनए कोंबलेलं असतं. १९९९ साली जिवंत पेशीत जीएफपी या चमकणाऱ्या प्रथिनाचा विसरणगुणांक (रेणू किती वेगाने पसरतो याचं माप) मोजला, तो सेकंदाला सुमारे ८ चौरस मायक्रोमीटर भरला. पाण्यात तो ८७ आहे. इतकं मंदावूनही एक मायक्रोमीटरला सुमारे २० मिलिसेकंद पुरतात.

पण रायबोसोमला नुसतं कुणी पोचून भागत नाही, नेमका हवा तोच रेणू लागतो. जोमाने वाढणाऱ्या पेशीत रायबोसोम सेकंदाला १६-१७ अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे एका कोडॉनला (एका अमिनो आम्लाच्या तीन अक्षरी संकेताला) जेमतेम ६० मिलिसेकंद. त्याच्याकडे येतं ते टीआरएनए (अमिनो आम्ल वाहून आणणारा रेणू), ईएफ-टीयू (त्याला रायबोसोमपर्यंत पोचवणारं प्रथिन) आणि जीटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) यांचं त्रिकूट, जीएफपीच्या अडीचपट वजनाचं. टीआरएनएचे प्रकार चाळीसहून अधिक, आणि समोरच्या कोडॉनला जुळणारे त्यातले एक-दोन. बाकीचे येतात, तपासले जातात, परत जातात. वेळ खातो तो हा शोध.

मग त्रिकुटं वाढवावीत? पेशी तेच करते. ईएफ-टीयू हे तिच्यातलं सर्वांत विपुल प्रथिन आहे. पण तेही रायबोसोमनेच घडवायचं, आणि त्याने गर्दीत भरच पडते. क्लुम्प, स्कॉट, पेडरसन आणि ह्वा या संशोधकांनी २०१३ मध्ये हीच कोंडी गणिताने मांडली, आणि मला ती मांडणी फार पटते.

घट्ट धरण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, फक्त तो फायदा भेट झाल्यानंतरचा. इथे भेटच उशिरा होते. माध्यमात मीठ वाढवलं की पेशीतलं पाणी बाहेर जातं, गर्दी वाढते आणि अमिनो आम्लं जोडण्याचा वेग खरोखर घटतो. अर्थात तेव्हा पेशीत पोटॅशियमही वाढतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये.

आणि माझा दावा वेगाने वाढणाऱ्या पेशींपुरताच आहे. उपाशी, संथ वाढणाऱ्या पेशीत वेग सेकंदाला ८-९ अमिनो आम्लांवर येतो. तिथे मुख्य अडचण त्रिकुटांच्या टंचाईची असते.