कुंदा जिभेच्या मुळाशी ठेवला तरी गोडच

जिभेचं एक रंगीत चित्र व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरत असतं. टोकाला गोड, कडांना खारट-आंबट, मुळाशी कडू, आणि मधोमध कुणीतरी हौसेनं तिखट घुसडलेलं. खाली सल्ला: कडू औषध टोकावर घ्या, चव कळणारच नाही. बेळगाव-खानापूरकडच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे सगळं दहा मिनिटांत खोटं ठरतं.

‘प्रत्येक चवीचा भाग वेगळा.’ मुळीच नाही. १९०१ साली जर्मनीत डेव्हिड हेनिग यांनी जिभेवर जागोजागी थेंब लावून, किती सौम्य द्रावण कुठं ओळखू येतं ते मोजलं. जागेप्रमाणे फरक निघाला, पण थोडाच. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांनी तेच आकडे आलेखात असे मांडले की ‘जरा कमी’चं वाचणाऱ्यांनी ‘अजिबात नाही’ करून टाकलं. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजलं. फरक किरकोळच ठरला. चित्र मात्र आपलं फिरतंच आहे.

घरी करून बघायचं तर अर्धा कप (१०० मिलि) पाण्यात एक चमचा साखर, दुसऱ्या अर्ध्या कपात पाव चमच्याहून थोडं कमी मीठ, तिसऱ्यात अर्ध्या लिंबाचा रस, चौथ्यात रात्रभर भिजवलेल्या मेथीचं गाळलेलं पाणी. कान साफ करायची कापसाची काडी बुडवायची, निथळून घ्यायची आणि बाहेर काढलेल्या जिभेवर एकाच जागी टेकवायची. जीभ आत न घेता बोटानं उत्तर द्यायचं: एक गोड, दोन खारट, तीन आंबट, चार कडू. मग चूळ भरून मिनिटभर थांबायचं. प्रयोग फसतो तो तीन कारणांनी. काडी ओली ठिबकत असली की थेंब सगळीकडे पसरतो. चाखणाऱ्याला कप दिसला की डोकंच चव ठरवतं, म्हणून डोळे बांधा. आणि मेथी आधी घेतली तर तिचा कडवटपणा रेंगाळून पुढचं सगळं बिघडवतो, ती शेवटी.

टोक, कडा, मूळ, सगळीकडे चारही चवी लागतील. मधोमध मात्र फार काही लागणार नाही, कारण तिथल्या बारीक केसाळ उंचवट्यांवर चवीच्या कळ्याच नसतात. म्हणजे चित्रात तिखटाला दिलेली जागा नेमकी सगळ्यात निकामी!

तसंही तिखट ही चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सायसिन, एरवी सुमारे ४३ अंशांच्या वर जागा होणारा, उष्णता टिपणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) चेतवतं. संकेश्वरी मिरचीचे देठ खुडलेला हात डोळ्याला लागला की आग होते. डोळ्यात कुठल्या चवीच्या कळ्या? ब्याडगी रंगाला भारी पण जळजळ कमी, कारण तिच्यात कॅप्सायसिनच कमी. तुरट हासुद्धा बराचसा स्पर्श: काजूच्या बोंडातलं टॅनिन लाळेतली प्रथिनं गोठवतं आणि जीभ खरखरीत होते. षड्रसांत दोघांना स्थान आहे ते तोंडाच्या एकूण अनुभवाला धरून. त्यात चूक काही नाही, पण त्यावरून जिभेचे सहा वाटे पडत नाहीत.

‘चव सगळी जिभेवरच.’ नाक घट्ट दाबून कुंद्याचा, म्हणजे दूध आटवून केलेल्या बेळगावी मिठाईचा, तुकडा चघळा. गोड लागेल, रवाळ लागेल, बस्स. आता नाक सोडा: आटून तांबूस झालेल्या दुधाचा खमंगपणा आणि वेलची एकदम येते. तो वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि मेंदू त्याला जिभेच्या खात्यात टाकतो. सर्दीत जेवण मचूळ लागतं ते यामुळेच.

राहिलं औषध. टोकालाही कडू कळतं, आणि गोळी तिथं ठेवून रेंगाळलात तर ती विरघळून जास्तच कळतं. थंड पाण्याचा घोट आधी घ्या, गोळी पटकन गिळा. लहान मुलाला पातळ औषध गालाच्या आतल्या बाजूनं, ड्रॉपरनं थोडं थोडं. घशात एकदम सोडलं तर ठसका लागतो. कडूवर मीठही चालतं: कारलं मीठ लावून पिळतात तेव्हा कडू रस निघून जातो, आणि उरलेलं मीठ राहिलेला कडवटपणा दाबतं.