सात मिनिटांचा कोट

कॉन्फरन्सला निघालेल्या माणसाची बॅग खरं तर त्याच्या कोटाची असते. बाकीचे कपडे मावले तर मावले. मंचावर आपला पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायला वेळ मिळतो ७ ते १० मिनिटं, आणि तेवढ्यासाठी तीन दिवसांचं सगळं सामान त्या कोटाची मर्जी सांभाळत भरावं लागतं. आमच्या इंदुरात कोट हा एरवी लग्नातच बाहेर पडणारा प्राणी. म्हणून बॅग उघडण्याच्या निदान १५ दिवस आधी तो अंगावर चढवून, बटण लावून, पोडियम धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून पाहावं. पाठीवर आडव्या चुण्या आल्या, तर गेल्या वर्षभराच्या पोहे-जलेबीचा हिशेब तिथे मांडलेला असतो. शिंप्यानं मधल्या शिवणीत थोडं कापड राखलेलं असेल, तर तो कोट सैल करून देतो. नवाच शिवायचा, तर एम. टी. क्लॉथ मार्केटमधून सव्वातीन मीटर सुटिंग आणायला दुपार पुरते. शिंप्याचं ‘परसों’ मात्र कॉन्फरन्स उरकल्यावरच उजाडतं.

कापड कुठलं, यावर पुढचा सगळा ताप ठरतो. लोकर किंवा टेरीवूल असेल तर चुण्या रात्रभरात बऱ्याचशा आपल्या आपण सुटतात. लिनन घेणाऱ्याला माझा नमस्कार. ते दुकानातून घरी येईपर्यंत चुरगळतं, विमानाची गोष्टच सोडा.

कोटाच्या घडीबद्दल प्रत्येक घरात ठाम मत असतं आणि ते बहुधा चुकीचं असतं. शर्टासारखी घडी घातली की खांद्याच्या पॅडला खड्डा पडतो, आणि मंचावर आपला एक खांदा नम्र, दुसरा उद्धट दिसतो. नीट रीत अशी. आधी खिसे रिकामे करा. मागच्या लग्नातली सुपारी इथेच सापडते. कॉलर उभी करा. डावा खांदा उलटा करा, म्हणजे त्याचं अस्तर बाहेर येईल. उजवा सुलटाच ठेवून डाव्याच्या पोटात सारा, पॅडवर पॅड बसेपर्यंत. कोट आता उभा अर्धा झाला आणि अस्तर बाहेर आलं. आत ड्रायक्लीनवाल्याची पातळ पिशवी पसरा. मग कमरेशी एकदाच दुमडा, आणि दुमडीत गुंडाळलेला पंचा ठेवा. कापड कापडाला अडकून एका जागी दाबलं गेलं की चुणी धरते. प्लॅस्टिकवर ते सरकतं, आणि गुंडाळीमुळे दुमड गोल राहते. पंचा न्यायला हे एवढं एकच शास्त्रीय कारण आहे. हॉटेलात टॉवेल असतो, हे घरी सांगून काही उपयोग होत नाही.

पँट सगळ्यात आधी भरायची. कंबर बॅगेच्या तळाला, पाय काठावरून बाहेर लोंबते. वर बाकीचे कपडे रचून झाले की पाय त्यांच्यावरून उलटून घ्यायचे. गुडघ्याशी कडक घडी पडत नाही. बनियन, टी-शर्ट गुंडाळले तरी चालतात. फॉर्मल शर्ट गुंडाळू नये, आणि कांजी केलेला तर नेऊच नये. कांजीची घडी बॅगेत दबली की पापडासारखी मोडते आणि तिथे पडलेली पांढरी रेघ इस्त्रीलाही दाद देत नाही. बेल्ट गोल करून शर्टाच्या कॉलरच्या आत बसवला की कॉलर चेपत नाही. मोजे बुटांत, बूट जुन्या पिशवीत, आणि पिशवी चाकांच्या बाजूला; नाहीतर बॅग उभी केली की बूट घसरून थेट कोटावर येतात.

आता वजन. बहुतेक देशांतर्गत विमानांत हातातल्या बॅगेला ७ किलोची मुभा असते. चाकांची बॅग रिकामीच ३ किलोच्या घरात, लॅपटॉप आणि चार्जर २, चामड्याचे बूट १. उरला १ किलो, आणि कोट एकटाच जवळपास तेवढा. म्हणून बूट पायात आणि कोट अंगावर. अंगावरच्या मालाला काटा लावत नाहीत. बाहेर बेचाळीस अंश असताना देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर कोट घालून घाम पुसणारे गृहस्थ दिसले, तर त्यांना साहेबी समजू नका. त्यांच्या खिशांत चार्जर, मोजे आणि पॉवर बँक आहे. पॉवर बँक तशीही काउंटरवर सोडलेल्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. मर्यादा १०० वॉट-अवरची. २०,००० एमएएचची बँक ७४ च्या आसपास भरते, म्हणजे चालते.

१५ किलोची मोठी बॅग काउंटरवर सोडायची ठरवली की आपल्याला मोकळं वाटतं. पण मग घरच्यांनाही मोकळं वाटतं. ‘असू दे, लागलं तर?’ हे वजनाचं घरगुती एकक आहे. एक ‘असू दे’ साधारण पाव किलोचा. स्वेटर असू दे, छत्री असू दे, थालीपीठाची भाजणी असू दे. ती हॉटेलच्या खोलीत कशावर लावायची, हे विचारायचं नसतं.

त्यावर सेव. इंदूरचा माणूस पुण्याला किंवा दिल्लीला रिकाम्या हातानं गेला, तर त्याचा पेपर कितीही चांगला असो, यजमानांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. अर्धा अर्धा किलोची चार पाकिटं म्हणजे २ किलो. ही पाकिटं आकाशात फुगतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि उडत्या विमानात आतला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका. त्यामुळे बंद पाकिटातली हवा सव्वापटीपर्यंत पसरते. बॅग ठासून भरली असेल तर पाकीट शिवणीशी फाटतं आणि लौंग सेवेचं तेल अस्तरात उतरतं. पाकिटांना वर दोन बोटं जागा सोडावी आणि ती कोटापासून दूर, जाड पिशवीत बांधावीत. जीरावनची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची, पुडी मात्र झाकणाच्या डब्यातच. ती सांडली, तर तुमच्या पेपरपेक्षा तुमचा वासच जास्त लक्षात राहतो.

पोचल्यावर आधी कोट हँगरला, मग आपण पलंगाला. न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडावा आणि कोट पाण्यापासून लांब, नुसत्या वाफेत टांगावा. नंतर अर्धा तास कोरड्या हवेत. ओलसर घातला तर कोपराशी नव्या चुण्या धरतात. हॉटेलच्या इस्त्रीवर विश्वास ठेवू नये. तिच्या भोकांतून जड पाण्याचा तपकिरी गाळ गळतो, म्हणून पहिला हात रुमालावर फिरवावा. टेरीवूलवर तर ओला रुमाल मध्ये ठेवूनच, नाहीतर कापडाला आरशासारखी चकाकी येते आणि ती जात नाही.

बायकांना या कोटपुराणातून सुटका आहे असं वाटत असेल, तर तसं नाही. महेश्वरी साडी हलकी, घडीत आटोपशीर, आणि बुगडी काठ दोन्ही बाजूंनी चालणारा. प्रवासाला त्याहून सोयीचं वस्त्र मला माहीत नाही. पण नवी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी ती फॉल-पिकोवाल्याकडे असते, आणि बॅगेत साडीबरोबर दुसऱ्याच साडीचा परकर जातो. साडी, ब्लाउज, परकर आणि सहा सेफ्टी पिना एकाच पिशवीत बांधाव्यात. कॉलर माइकचा ट्रान्समीटर बेल्टला अडकवायचा, असं आयोजकांनी गृहीत धरलेलं असतं. साडीला बेल्ट नसतो. ती डबी परकराच्या नाडीला अडकते, पण वायर पदराआडून आधीच घेतलेली असली तर.

शाल दोघांनीही न्यावी. माणूस नुसता बसला तरी सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. पाचशे माणसांच्या हिशेबानं सभागृह सकाळीच गार करून ठेवतात आणि पहिल्या सत्राला येतात चाळीस. त्या सत्रात कोटाचं खरं सार्थक होतं, पण आपला पेपर नेमका जेवणानंतर असतो.

परतीची बॅग हा वेगळा विषय. मळलेले कपडे घडीत बसत नाहीत म्हणून जास्त जागा खातात. सेवेच्या जागी कॉन्फरन्सची पिशवी, पॅड आणि टोकदार स्मृतिचिन्ह येतं. ते शर्टांत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवावं. सत्राचं अध्यक्षपद मिळालं असेल तर शाल-श्रीफळही. शाल बॅगेत जाते. श्रीफळ हलवून बघा. आत गोटा खडखडला तर विमानाचा विचार सोडा. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते चालत नाही. पाणी वाजलं तरी सुरक्षा तपासणीच्या रांगेत त्यावर परिसंवाद भरतो. तेव्हा ते विमानतळावर सोडायला आलेल्या ड्रायव्हरच्या हाती द्यावं, आणि त्यानं नको म्हणण्याआधी आत शिरावं.