हलणाऱ्या चित्रांपासून वर्ग कसा वाचवावा

अभिनंदन! चित्रकलेच्या अभ्यासक्रमात ‘चित्रपट आणि ॲनिमेशन’ अशी एक ओळ घुसली आहे, आणि ती निस्तरायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली आहे. घाबरू नका. गेली काही वर्षं मी माध्यमिकच्या मुलांना हा विषय शिकवतो आहे. मुलांना काहीही येऊ न देता तो पुरा कसा करायचा, याच्या बऱ्याच युक्त्या माझ्यापाशी साठल्या आहेत. बहुतेक स्वतः वापरलेल्या आहेत, तेव्हा खात्रीनं सांगतो.

सगळ्यात आधी, मुलांना हिशोब कळू देऊ नका. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, सरकतात. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये एकेक चित्र बऱ्याचदा दोन फ्रेम धरून ठेवतात. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. आता वर्गात ४० मुलं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला आली अठरा. फक्त अठरा! काडीची माणसं काढायची तर तेवढी दोन तासांत होतात. १९०८ मध्ये एमिल कोल यांनी सुमारे सातशे चित्रं एकट्यानं काढून दीड-एक मिनिटाचा सिनेमा केला होता, हे कुणी मध्येच सांगितलं तर संपलंच. वर्ग उत्साहात येईल, सिनेमा खरोखर तयार होईल आणि दरवर्षी करावा लागेल. म्हणून पहिल्याच दिवशी गंभीर चेहऱ्यानं सांगा, “सिनेमाला हजारो माणसं लागतात, मोठमोठी यंत्रं लागतात.” मुलं आपोआप हात खाली घेतील.

इतिहास शिकवावाच लागला तर १८९५ पासून सुरू करा. पॅरिस, २८ डिसेंबर, ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून दाखवलेला हलत्या फोटोंचा सिनेमा. तारीख सुटसुटीत आहे, रिकाम्या जागेत भरायला बरी. पण तीनच वर्षं आधी, १८९२ मध्ये, त्याच शहरात एमिल रेनो हे गृहस्थ हातानं रंगवलेल्या चित्रांच्या लांबलचक पट्ट्या फिरवून पडद्यावर हलत्या गोष्टी दाखवत होते, हे चुकूनही बोलू नका. एखादं कार्टं विचारेल, “म्हणजे सर, आधी चित्रं हलली आणि मग फोटो?” मग सिनेमा चित्रकलेच्या तासाला आलेला पाहुणा नसून घरचाच आहे, असं कबूल करावं लागेल आणि विषय संगणकाच्या शिक्षकांकडे ढकलायचा आपला शेवटचा मार्ग बंद होईल. या रेनोंनी पुढे हताश होऊन आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. इतकी समज आपल्याला यायला थोडी वर्षं जावी लागतात, पण येते.

सिद्धांताचं सोपं आहे. फळ्यावर व्याख्या लिहा. क्लोज-अप म्हणजे काय, दोन गुण. लाँग शॉट म्हणजे काय, दोन गुण. लो अँगल आणि हाय अँगल यांतला फरक लिहा, चार गुण, आकृती असल्यास पाच. पुठ्ठ्याला आयताकृती भोक पाडून मुलांच्या हातात देऊ नका. एकदा का त्या भोकातून बघायची सवय लागली की चौकटीत काय घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे मुलं स्वतःच ठरवायला लागतात. एक मुलगा त्यातून वीस मिनिटं नुसता माझा बूट बघत होता. विचारलं तर म्हणाला, “सर, असं बघितलं की तुम्ही रागावलेले वाटता.” व्याख्या विचारली तेव्हा त्याला ती आली नाही. साहजिकच त्याला शून्य.

प्रात्यक्षिकाला चेंडू उडवायला द्या. सगळीकडे हाच पहिला धडा असतो, म्हणून आपणही तो देतो. फक्त पट्टी सक्तीची करा. वरपासून खालपर्यंतच्या अंतराचे दहा सारखे भाग, प्रत्येक भागावर एक चेंडू, कंपासनं. चित्रं ओळीनं फिरवली की चेंडू लिफ्टसारखा शांतपणे तळमजल्यावर उतरतो. खरी गोम अंतरांत आहे, आणि ती आपल्यापाशीच राहू द्यावी. उसळलेला चेंडू टोकाला पोचताना मंदावतो, म्हणून तिथली चित्रं दाटीवाटीनं काढायची. खाली येताना वेग वाढतो, म्हणून ती विरळ होत न्यायची. जमिनीवर आपटला की तो चपटा करायचा, पण जेवढा बसका तेवढाच रुंदही, नाहीतर तो आपटल्यासारखा न दिसता आकसल्यासारखा दिसतो. चेंडू जड की हलका हे रंगावरून कळत नाही, दोन चित्रांमधल्या मोकळ्या जागेवरून कळतं. एवढं सांगितलंत की मुलं मैदानावर खेळायचं सोडून चेंडूकडे बघत उभी राहतील आणि तक्रार तुमच्याकडे येईल.

गुण मात्र स्वच्छतेला द्या. ॲनिमेशनची कच्ची चित्रं खोडाखोडीची, रेषेवर रेष चढलेली असतात. अशा कागदांना हात लावू नका. ज्याचा चेंडू गोल आणि वही कोरी, तो पहिला.

मातीच्या बाहुल्यांच्या स्टॉप मोशनबद्दल, म्हणजे बाहुली जराशी हलवायची, एक फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, या प्रकाराबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण इथं माझा अधिकार मोठा आहे. एका गटानं मातीचा माणूस केला होता. तो बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाणार, एवढीच गोष्ट. मी मोबाईल स्टँडला न लावता वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाच्या हातात दिला. फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करायची सोय मोबाईलमध्ये असते, पण ती मी मुलांना दाखवली नाही. त्यामुळे दर फोटोला कॅमेऱ्यानं उजेडाबद्दल नवं मत बनवलं. शेजारी खिडकी उघडीच होती. तास संपला, पुढच्या वर्गाला बाक हवा होता, तो आम्ही सरकवला. दुसऱ्या दिवशी अंदाजानं परत आणला. असे तीन दिवस गेले.

तयार झालेली फिल्म साडेचार सेकंदांची. मातीचा माणूस दर पावलाला दचकतो. वीज चमकावी तसा वर्ग लखलखतो. दोनदा बाकच जागा सोडून पळतो, आणि माणसाची सावली त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. एका फ्रेममध्ये कुणाची तरी बाही आहे, सुंदर, निळी, अगदी फोकसमध्ये. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज एकेक फ्रेम घेत टिपली होती, असं आपण कौतुकानं सांगतो. त्यांची कुंडी हलवायला पुढचा तास येत नव्हता, एवढं लक्षात ठेवा. आम्ही आमच्या फिल्मला ‘काळाचा प्रवास’ असं नाव दिलं. पाहुण्यांनी त्यातलं प्रतीक ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या.

या टाळ्या हाच विषयाचा गाभा आहे. वार्षिक कार्यक्रमात ‘विद्यार्थ्यांनी बनवलेली’ फिल्म दाखवायची असते आणि ती चांगली दिसावी अशी सगळ्यांची इच्छा असते. मुलांवर सोडलंत तर ती मुलांनी बनवल्यासारखी दिसेल. त्यापेक्षा एखादं तयार ॲप घ्या. त्यात चालणारी माणसं असतात, उडणारे पक्षी असतात, मावळणारा सूर्य तर असतोच. मुलांनी नाव टाकून बटण दाबायचं. सोबत तयार संगीतही येतं, त्यामुळे आवाज ऐकायची भानगड उरत नाही. नाहीतर मुलं पाऊस पाहिजे म्हणून कागदाच्या पिशव्या चुरगाळत बसतात आणि शेजारच्या वर्गात गणित चालू असतं. संकलन घरच्या एखाद्या हुशार भाच्याकडून रात्रीतून करून घ्या. श्रेयनामावलीत मात्र चाळीसही नावं मोठ्या अक्षरात हवीत. पालक तेवढाच भाग दोनदा बघतात.

शेवटचा धोका वर्गातच बसलेला असतो, आणि तो चित्रकलेच्या तासाला दिसत नाही.

भिंतीकडच्या रांगेतल्या एका मुलीची भूगोलाची वही माझ्याकडे तपासायला आली, कारण मी बदली तासावर होतो. खालच्या उजव्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक खडू होता. तिनं सुरुवात शेवटच्या पानापासून केली होती. वहीचा कागद पातळ, त्यामुळे खालच्या पानावरचं चित्र वर उमटलेलं दिसायचं आणि त्यावरून पुढचं काढता यायचं. खाली दिवा लावलेल्या काचेच्या ज्या पेटीसाठी मी तीन वर्षं अर्ज करतो आहे, ती हीच. मी अंगठ्यानं पानं सोडली. खडू बोटांतून निसटतो. पहिली पाच-सहा पानं जवळजवळ तिथंच रेंगाळतो, मग एकदम खाली. आपटतो, दोन तुकडे होतात, लहान तुकडा जरा उंच उसळतो, मोठा जेमतेम. पट्टी तिनं कुठंच वापरलेली नव्हती.

अशी वही सापडली तर ताबडतोब जप्त करा. मी केली नाही, तिथंच चुकलो. मी फक्त मधल्या एका पानावर, खडूच्या अगदी शेजारी, लाल शाईनं ‘लक्ष कुठे आहे?’ असं लिहिलं, खाली जाड रेघ मारली आणि वही परत दिली.

पुढच्या आठवड्यात वही पुन्हा आली. मी आधी दार लोटलं, मग पानं सोडली. खडू निसटतो, खाली जातो, मध्येच माझा लाल शेरा उगवतो. आणि त्याच्या पुढच्या पानावर तो जरासा खाली आहे. त्याच्या पुढच्या पानावर आणखी खाली. तिनं लाल पेन मिळवलं होतं. शेरा खडूच्या मागोमाग जमिनीवर येतो, अक्षरं चपटी होतात, रेघ मोडते. खडूचा तुकडा चांगला तीन पानं हवेत असतो. शेरा अजिबात उसळत नाही.