विस्टमन्स वूडबद्दलची ती पोस्ट

सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, शेवाळाने माखलेल्या वाकड्यातिकड्या ओकचे फोटो आणि खाली लिहिलंय की हे इंग्लंडमधलं विस्टमन्स वूड, झाडं दोन हजार वर्षं जुनी, ड्रुइड नावाच्या प्राचीन केल्टिक पुजाऱ्यांनी लावलेली, शापामुळे खुरटलेली, आत साप वळवळतायत, तरी एकदा आत शिरून फोटो काढाच. मी डार्टमूरला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या माळरानावर, टू ब्रिजेस या छोट्या वस्तीवरून चालत तिथं गेलोय आणि त्या जंगलावर माझा फार जीव आहे, म्हणून राहवलं नाही.

आधी वय. १८६६ साली परवानगी काढून तिथला एक ओक तोडला, तसं जवळच्या दगडावर कोरलेलंच आहे, खोड फक्त ९ इंच जाड आणि वय अंदाजे १६८ वर्षं! इतकी सावकाश वाढ. म्हातारी झाडं काही शतकांची आहेत, पण दोन हजार वर्षं? अजिबात नाही. आणि ड्रुइडांनी लावल्याचा कसलाच पुरावा नाही.

शापाचं म्हणाल तर जागा बघा ना, ३८० ते ४१० मीटर उंची, उघड्या माळावरचा वारा, माती नावाला आणि सगळीकडे ग्रॅनाइटच्या शिळा. पण त्याच शिळांनी हे जंगल वाचवलं, कारण फटीत रुजलेल्या रोपापर्यंत मेंढीचं तोंड पोचत नाही. आणि जुनी झाडं खुरटी असली तरी जंगलाचीच वाढ खुंटलीय म्हणाल तर ते साफ चूक, विसाव्या शतकात जंगल पसरून जवळपास दुप्पट झालं, कडेची नवी झाडं चांगली सरळ आणि उंच आहेत.

साप आहेत, अ‍ॅडर, विषारी आहे पण लाजाळू, पायाची चाहूल लागली की सटकतो.

आता ते "आत शिरा" प्रकरण, याचा मला खरंच राग येतो. मी कडेलाच उभा राहून एक शिळा बघत होतो, तिच्यावर बोटभर जाड शेवाळ, वरच्या फांदीवर नेचे उगवलेले, सालीवर आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. त्यातलं केसांसारखं लोंबणारं ब्रायोरिया स्मिथी ब्रिटनमध्ये दोनच ठिकाणी सापडतं, दोन्ही डार्टमूरवर, आणि त्यातलं एक हे. शेवाळावर बूट घसरला की दगड उघडा पडतो, ते परत भरायला कित्येक वर्षं जातात. म्हणून तर आत जाऊ नका, बाहेरून फिरा अशी विनंती केलेली आहे. जमीन डची ऑफ कॉर्नवॉलची, म्हणजे ब्रिटिश युवराजांच्या इस्टेटीची आहे, २०४० पर्यंत जंगल दुप्पट करायचं त्यांनी ठरवलंय, तेव्हा कडेने चालतानाही पायाखाली बघा, गवतात ओकचं वीतभर रोप असू शकतं.